घरचा ऑक्सिजन आणि विजेचा मीटर

संपादक महोदय,

सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), फायब्रोसिस (फुप्फुस कडक होणे) किंवा क्षयामुळे फुप्फुस निकामी झालेल्या रुग्णाला डॉक्टर घरी कायमचा ऑक्सिजन सांगतात, तेव्हा तो दिवसाला किमान 15 तास घ्यायचा असतो. धाप लागली की दहा मिनिटे नळी लावायची आणि काढून ठेवायची, याचा काही उपयोग नाही. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र म्हणजे कॉन्सन्ट्रेटर; मिनिटाला पाच लिटर देणारे साधारण 350 वॉट घेते. म्हणजे दिवसाला सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. घरातला दिवे-पंख्यांचा वापर आधीच शंभर युनिटांच्या आसपास असेल, तर यंत्राची जवळजवळ सगळी वीज वरच्या टप्प्याच्या दराने पडते. मग बिल बघून रात्री यंत्र बंद केले जाते, आणि झोपेतच तर रक्तातला ऑक्सिजन जास्त खाली येतो. बिल वाचते, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन पाय सुजायला लागतात.

दिव्यांग हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत फुप्फुसाचा जुनाट आजार नाही. त्यामुळे त्या दाखल्यावरची कुठलीच सवलत या रुग्णांना लागू होत नाही. म्हणून छातीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, फक्त यंत्राच्या युनिटांपुरता खालच्या टप्प्याचा दर द्यावा, अशी वीज नियामक आयोगाला विनंती आहे. गैरवापराची शंका कुणी काढेलच. पण बहुतेक कॉन्सन्ट्रेटरवर यंत्र किती तास चालले हे दाखवणारा आकडा असतो. मीटर वाचायला येणाऱ्याने तो टिपून घ्यावा, तासांना वॉटने गुणून हजाराने भागावे, युनिट मिळाले.

दुसरे, देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असेल तर अशा घरांची यादी शाखा कार्यालयात असावी आणि आदल्या दिवशी फोन जावा.

तोवर घरच्यांनी तजवीज करून ठेवावी. 150 अँपिअर-अवरच्या एका नव्या बॅटरीवर हे यंत्र साडेतीन-चार तास चालते, तेही इन्व्हर्टरवर दुसरे काही नसेल तर. बॅटरी जुनी असेल तर निम्मे धरा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्यावा, साध्यावर कॉम्प्रेसर तापतो. गावाकडे व्होल्टेज पडते तिथे स्टॅबिलायझर हवाच.

बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो. पण रेग्युलेटर आधीच बसवलेला हवा आणि चावी सिलिंडरच्या मानेलाच दोरीने बांधलेली हवी. अंधारात चावी शोधण्यातच वेळ जातो. आट्यांना तेल-ग्रीस कधीही लावू नये, ऑक्सिजनच्या दाबाखाली ते पेट घेते. त्या खोलीत समई-उदबत्तीही नको. नाक कोरडे पडले तर व्हॅसलीनऐवजी पाण्यात विरघळणारी जेल लावावी.

आणि लाइट गेली की घाबरून ऑक्सिजनचा फ्लो वाढवू नका. सीओपीडीत ऑक्सिमीटरवर 88 ते 92 टक्के पुरेसे असते. त्यावर 98 आणण्याच्या नादात शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. रुग्ण गुंगीत जातो आणि घरचे म्हणतात, बरे झाले, शांत झोप लागली. सकाळी डोके दुखत असेल, बोलणे असंबद्ध वाटत असेल तर ती झोप नव्हती; लगेच डॉक्टरांना कळवावे.

— ऑक्सिजनवरील रुग्णांचे काही नातेवाईक, सातारा