कोऱ्या वर्षांचा हिशेब

लेस्टर, इंग्लंड, 8 नोव्हेंबर 2025

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न.

दादा, तुझा हयातीचा दाखला बँकेत देऊन झाला असेल. मागे फोनवर तू विचारलंस, नोकरी सोडलीस, आता तुझ्या पेन्शनचं काय? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इथली सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून कापतात त्या सरकारी विम्याच्या वर्गणीची, साधारण 35 वर्षं लागतात. नोंद काढून बघितली, तर माझी 23च निघाली. म्हणजे आजच्या दरानं आठवड्याला 230 पौंडांऐवजी 151. शाळेच्या स्वयंपाकघरातली वर्षं तेवढी दिसत होती. 1990 पासूनची नऊ वर्षं, दोन्ही मुलं लहान होती ती, कोरी. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलं वाढवली ते काय काम नव्हतं?

मग कळलं, ते काम मोजतात. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, आईच्या नावावर असेल तर तेव्हाची वर्षं तिच्या पेन्शनसाठी धरायची सोय होती. पण 2000 च्या आधी अर्जावर आपला इन्शुरन्स नंबर घातलेला नसला, की नोंद जुळायचीच नाही. माझं तेच झालं होतं. अर्ज केला आणि नऊच्या नऊ वर्षं जमा झाली.

आणि वहिनी, हे तुम्हाला आवडेल. नातीला सांभाळल्याचीही वर्षं मिळतात! लेकीचं वर्ष तिच्या पगारातून भरतं, मग चाइल्ड बेनिफिटमुळे मिळणारं वर्ष ती आजीच्या नावावर करू शकते. मूल 12 वर्षांच्या आतलं हवं आणि आजीचं पेन्शनचं वय झालेलं नको. 2022 ला नोकरी सोडली ती नातीसाठीच. दोन वर्षं मिळाली, तिसऱ्याचा अर्ज परवा टाकला, कारण मागच्या वर्षाचा अर्ज 31 ऑक्टोबरपासूनच घेतात. तो मंजूर झाला की 35 पुरी.

ओळखीच्या एकांनी पैसे भरून वर्षं घ्यायला सांगितलं होतं. एका वर्षाला साधारण 923 पौंड, आणि पेन्शन वाढते वर्षाला 340च्या आसपास. तीन वर्षांत वसूल होतात, सौदा वाईट नाही. पण हक्काची फुकट वर्षं आधी शोधावीत, असं मी इथल्या प्रत्येक बाईला सांगते.

आता साताऱ्याला कायमचं येण्याचं. दादा, मन तिकडेच ओढतं. पण भारतात राहायला गेलेल्यांची पेन्शन इथलं सरकार वाढवत नाही. 2010 ला जो आठवड्याला 97 पौंड 65 पेन्सच्या जुन्या पद्धतीच्या पेन्शनवर तिकडे गेला, त्याला आजही तेवढेच येतात. इथं राहिला असता तर 176 झाले असते. अमेरिकेत गेलेल्यांची मात्र वाढते. हा मला सरळ अन्याय वाटतो. म्हणून ठरवलंय, घर इथंच ठेवायचं आणि थंडीचे चार महिने तुमच्याकडे यायचं.

एक काम कर. वाईचे काका इथल्या फौंड्रीत 12 वर्षं होते ना? दहा वर्षं भरली असली तरी पेन्शनचा हक्क लागतो, आणि ती भारतातही मिळते. पण आपोआप येत नाही, मागावी लागते. त्यांच्या जुन्या पगाराच्या चिठ्ठ्यांवर नंबर असेल: दोन इंग्रजी अक्षरं, सहा आकडे, शेवटी एक अक्षर. तो मला लगेच कळव.

तुझी,
बेबी