रात्री दोन वाजता घरात डॉक्टर नसतो

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी साताऱ्याला यादोगोपाळ पेठेत राहते. गेल्या वर्षी माझ्या १९ वर्षांच्या मुलाला नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅम सुरू झालं. डॉक्टरांनी नीट वेळ देऊन तपासलं होतं. मेडिकलवाल्याने एक पाकीट अख्खं दिलं, दुसरं कात्रीने मधोमध कापून दिलं, आणि आम्ही घरी आलो.

आठव्या-नवव्या दिवसापासून पोराच्या जिवाची तगमग सुरू झाली. बसवेना, झोपवेना. रात्री दोन वाजता या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या, आणि मी मागे मागे. "आई, आतून काहीतरी सारखं धावतंय गं," म्हणायचा. आम्हाला वाटलं, आजारच वाढला. सासूबाई म्हणाल्या, औषध लागू पडायला वेळ लागतो, जरा धीर धर. चौथ्या रात्री तो जे बोलला, ते मी इथे लिहिणार नाही. उजाडताच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस कमी केला, काही दिवस रोज कळवायला सांगितलं. पोरगा सावरला. आज तो कॉलेजला जातो, औषधही चालू आहे आणि त्याचा त्याला उपयोग होतोय.

नंतर मी त्याच मेडिकलमध्ये जाऊन या गोळीची माहिती देणारा कागद मागितला. मोठ्या डब्यात एकच कागद होता, घडीवर घडी घातलेला. सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग घेऊन बसले. वरच इंग्रजीत छापलं होतं : फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी. आणि तिसऱ्या रकान्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलताना अस्वस्थता वाढू शकते, जीव देण्याचे विचार येऊ शकतात, घरच्यांनी लक्ष ठेवावं.

महोदय, घरच्यांनी लक्ष ठेवावं असं सांगणारा कागद घरच्यांसाठी नव्हताच.

ही माहिती काही काल-परवाची नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये सगळ्या नैराश्यविरोधी औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा सक्तीचा केला. त्यांनी २४ चाचण्या, ४,४०० हून जास्त मुलं तपासली होती. असे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, नुसती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. त्या चाचण्यांत एकाही मुलाने जीव गमावला नाही, हेही सांगायला हवं. २००७ मध्ये तो इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला.

पण तिथेही हे सहजासहजी बाहेर आलं नव्हतं. पॅरोक्सेटीन या नैराश्यावरच्याच औषधाच्या मुलांवरच्या चाचणीचा लेख २००१ मध्ये छापून आला, औषध गुणकारी आणि सोसणारं आहे असं सांगत. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी माहिती दडवल्याबद्दल ते बनवणाऱ्या ग्लॅक्सो स्मिथक्लाइन कंपनीला कोर्टात खेचलं. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच चाचणीचे मूळ कागद पुन्हा तपासले, तेव्हा गुण दिसला नाही, अपाय मात्र दिसला. २००८ मध्ये अशा औषधांच्या ७४ चाचण्यांचा हिशेब मांडला गेला. अनुकूल ३८ पैकी ३७ छापल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नव्हत्या. डॉक्टर तरी काय करणार? त्यांच्यासमोर ताटात जे वाढलं, तेच त्यांनी पाहिलं.

आपल्याकडे २००९ पासून औषध चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. चांगलं झालं. आता चाचणी संपल्यावर तिचा निकाल, औषधाच्या बाजूचा असो की विरुद्ध, त्याच नोंदीत सर्वांना दिसेल असा ठरलेल्या मुदतीत कंपनीने मांडावा, नाही मांडला तर दंड व्हावा. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोडही आलाय. मोबाइल धरला की कंपनीचं नाव, बॅच नंबर, मुदत कळते. औषध खरं आहे की बनावट, हे कळणं गरजेचंच आहे. त्याच चौकटीतून मराठीतली दोन पानं उघडायला काय हरकत आहे? आणि मोबाइल न वापरणाऱ्यांसाठी छापील मराठी चिठ्ठी. कापलेल्या पाकिटाबरोबरसुद्धा. दुष्परिणाम कळवायचा सरकारचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, तोही त्यावर ठळक असावा. मला तो त्या चार रात्री माहीत नव्हता.

लोक घाबरतील, औषध सोडून देतील, असं म्हणतात. सोडणारे आजही सोडतात, महोदय. आमच्या शेजारच्या वहिनींनी बरं वाटायला लागल्यावर एका दिवसात गोळ्या बंद केल्या. चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. दुखणं उलटलं म्हणून त्या रडत होत्या. हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मी माहिती मिळाल्याने घाबरले नाही. माहिती असती तर चौथी रात्र आलीच नसती, पहिल्याच रात्री फोन केला असता.

त्या कागदावरचं कामाचं तेवढं मी वहीच्या पानावर मराठीत उतरवलं, डॉक्टरांकडून तपासून घेतलं. अकरा ओळी झाल्या. एक प्रत आमच्या फ्रिजवर चिकटवली आहे, एक वहिनींकडे, आणि तिसरी या पत्रासोबत आपल्याला पाठवते आहे.

आपली,
साताऱ्याची एक आई