विषय : बिलात पीएफ घेता, मग कामगारांच्या खात्यात का भरत नाही?

महोदय,

आमच्या सोसायटीला कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या तुमच्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाशी आज पुन्हा बोलणं झालं. आता त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून हे पत्र थेट व्यवस्थापनाला.

तुमचं बिल कसं बनतं ते तुम्हाला माहीत आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्यावर कंपनीच्या हिश्शाचा 13 टक्के पीएफ, मग ईएसआयसी (कामगार विमा), मग तुमचा सर्व्हिस चार्ज आणि सगळ्यावर जीएसटी. सोसायटी हे बिल वेळेवर भरते. शिवाय कामगारांच्या पगारातून त्यांचे 12 टक्के तुम्ही वेगळे कापता. म्हणजे दोन्ही हिस्से तुमच्याच हातात येतात.

आमच्या बी विंगच्या सफाईच्या ताईंना नवऱ्याच्या उपचारासाठी पीएफमधून ॲडव्हान्स हवा होता. सोसायटीच्या ऑफिसात बसून त्यांच्या मोबाइलवर पासबुक उघडलं. आधीच्या कंपनीच्या नोंदी महिनेवार दिसल्या, तुमच्या कंपनीचं नाव कुठेच नाही. ताईंनी पिशवीतून घड्या घातलेल्या पगाराच्या स्लिपा काढून टेबलावर मांडल्या. एकूण एक स्लिपवर पीएफची कपात आहे.

तिथूनच तुमच्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "मॅडम, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना पीएफ कंपल्सरी नसतो." मग कापता कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, "ते सिस्टीममध्ये आपोआप येतं." पैसे कुठे आहेत, विचारलं. त्यावर उत्तर आलं, "या लोकांना हातात कॅश हवी असते, तेच पीएफ नको म्हणतात. त्या बाईला काय कळतंय त्यातलं? तुम्ही बिल भरा, बाकी आम्ही बघतो." ताई टेबलाशी उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांनी काही न बोलता स्लिपा गोळा केल्या. ताई समोर आहेत, असं मी सांगितल्यावर त्याने फोन ठेवला. माफीचा एक शब्द नाही. आजच्या फोनवरही नाही.

तुमच्या माणसाला माहीत नसेल तर तुम्ही सांगा. भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफच्या) कायद्याने कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही कर्मचारी धरलेला आहे. 20 माणसं असली की हा कायदा लागू होतो, तुमच्याकडे एकट्या घोडबंदर रोडवरच त्याहून कितीतरी जास्त आहेत. पगार 15,000 रुपयांपर्यंत असेल तर रुजू झाल्या दिवसापासून सदस्यत्व सक्तीचं. कामगार "नको" म्हणाला तरी तुमची सुटका होत नाही. पगार त्याहून जास्त आणि माणूस आधी कधीच सदस्य नाही, तरच त्याला बाहेर राहता येतं. ताई जुन्या सदस्य आहेत आणि तुमच्याच बिलात त्यांचा पगार 15,000 च्या खाली आहे. शंकेला जागा कुठे आहे?

आणि प्रश्न फक्त साठलेल्या पैशांचा नाही. पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते. तुम्ही न भरलेल्या महिन्यांची खात्यात नोंदच नाही. नोकरीत असताना कामगाराचं काही बरंवाईट झालं तर याच खात्याच्या विम्यातून कुटुंबाला 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. उद्या तशी वेळ आली तर ताईंच्या मुलांना काय दाखवणार, तुमची सिस्टीम?

मागच्या निविदेत तुमच्यापेक्षा स्वस्त एजन्सी होत्या. "आमच्याकडे सगळं कायदेशीर" असं तुम्ही लिहून दिलंत, म्हणून कमिटीला तुमच्यासाठी मी पटवलं. ते आता मला खूप लागतं.

आमच्याकडे लावलेल्या प्रत्येक कामगाराचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), कामाला लागल्यापासूनचे मासिक ईसीआर (कोणाचा किती पीएफ भरला त्याची यादी) आणि पैसे भरल्याची चलनं आठ दिवसांत द्या. ईसीआरमध्ये आमच्या कामगारांची नावं दिसली पाहिजेत. कंपनीचं एकत्रित चलन दाखवून चालणार नाही. राहिलेली रक्कम व्याजासकट तुम्ही भरायची, आणि तुमचा हिस्सा त्यांच्या पगारातून वसूल करायचा नाही. तोपर्यंत पुढच्या बिलातली पीएफची रक्कम सोसायटी रोखून धरेल. पगाराची रक्कम रोखणार नाही, त्यामुळे पगार थांबवून आमच्यावर ढकलू नका.

आठ दिवसांत कागद आले नाहीत तर स्लिपा आणि तुमची बिलं घेऊन वागळे इस्टेटच्या भविष्य निधी कार्यालयात तक्रार करू. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे पोलिसांतही जाऊ. करार रद्द करण्याचा विषय पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये घेतला आहे.

आणि त्या फोनबद्दल ताईंची माफी मागायला कोणीतरी जबाबदार माणूस इथे पाठवा.

सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)