मेमरीची नक्कल करायला शिकवणाऱ्या काकांस

ती. काका यांस, सा. न. वि. वि.

गणपतीला गावी आलात आणि सुट्टीतला बराचसा वेळ आमच्या पडवीत माझ्या कोडवर खर्च केलात. त्याचे आभार चार लोकांसमोर मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या इथल्या मुलांनाही ते वाचता येईल.

देवगडच्या आमच्या कलमांत दर तासाला तापमान नोंदवणारं यंत्र बसवायचं होतं. मोहोराच्या दिवसांत रात्रीची थंडी किती पडते, हे बाबांना अंदाजाने नको होतं. अडचण अशी की त्याचा कोड लॅपटॉपवर चालवला की सगळं बरोबर यायचं आणि यंत्रातल्या बोर्डावर घातला की पहिलं सोडून बाकी तेवीसही तासांचं तापमान एकच दिसायचं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, सेन्सर बदल. तुम्ही मात्र सेन्सरकडे पाहिलंही नाहीत. "आदी कागदार चौकोन काड, मगे कोड बघूया," म्हणालात.

चौकोन काढल्यावर दिसलं ते असं. नवी नोंद पहिल्या घरात ठेवायची, म्हणून आमच्या हाती आलेला तयार कोड जुन्या २३ नोंदी मेमकॉपीने (मेमरीतले बाइट एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारं फंक्शन) एकेक घर पुढे सरकवत होता. एका नोंदीचे दोन बाइट, म्हणजे ४६ बाइट. पण जिथून उचलायचं आणि जिथे ठेवायचं ते पट्टे एकमेकांवर चढलेले. बोर्डावरची मेमकॉपी पुढून एकेक बाइट उचलत गेली. पहिलं घर दुसऱ्यावर उमटलं, मग तेच दुसरं तिसऱ्यावर, असं शेवटपर्यंत. लॅपटॉपवरची लायब्ररी एवढे थोडे बाइट आधी सगळे प्रोसेसरातल्या रजिस्टरात वाचून घेते आणि मगच लिहिते, म्हणून तिथे दोष झाकला गेला. पंगतीत सुरुवातीला कुणाला बसवायचं तर शेवटच्याने आधी सरकावं लागतं, हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. मेमकॉपीची बहीण मेममूव्ह नेमकं तेच सांभाळते. पट्टे एकमेकांवर चढले असले तरी आधी मधल्या जागेत उतरवून घेतल्यासारखाच निकाल देते. मेमकॉपीला मात्र आपण शब्द दिलेला असतो की हे पट्टे वेगळे आहेत. सीच्या १९९९ च्या मानकाने तो रिस्ट्रिक्ट ही खूण लावून फंक्शनच्या घोषणेतच लिहून ठेवला.

२०१० मधली, फेडोरा १४ या लिनक्सच्या आवृत्तीची गोष्ट तर मी आता सगळ्यांना सांगते. तिथल्या सीच्या लायब्ररीने, जीलिबसीने, काही इंटेल प्रोसेसरांसाठी मेमकॉपी शेवटाकडून सुरुवातीकडे चालवली आणि ब्राउझरात व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅशमधला आवाज फाटू लागला. तिथेही एकमेकांवर चढलेले पट्टेच होते. लायब्ररीने नियम मोडला नव्हता, तरी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वापरणाऱ्यांच्या बाजूने भांडले. यात बरोबर कोण, यावर आपलं एकमत झालं नाही. मला अजूनही टोरवाल्ड्सच पटतात.

नोंदींची वेगळी प्रत काढून पडद्याकडे पाठवायची वेळ आली, तेव्हा तुम्ही आणखी थांबवलंत. मॅलॉकने मेमरीत जागा मागितली की नल, म्हणजे जागा मिळाली नाही असं उत्तर, आलं का ते आधी बघ. फंक्शनला ॲरे (नोंदींची रांग) दिला की आत तो पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता होतो, मग आकार मोजणारं साइझऑफ तिथे ॲरेचा आकार सांगत नाही. आपल्या ३२ बिटांच्या बोर्डावर नुसते ४ बाइट मिळतात, म्हणून संख्या वेगळी पाठव. मजकुराची प्रत असेल तर मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी एक बाइट जास्त धर. मजकुराची प्रत काढणारी स्ट्रडप ते आपणहून करते, पण पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात इतकी वर्षं असूनही सीच्या मानकात ती सी२३ बरोबर आली. आणि स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर असेल तर नक्कल फक्त पत्त्याची होते. मजकूर एकच राहतो, दोघांनी तो फ्री केला, म्हणजे तीच जागा दोनदा सोडली, की गोंधळ. प्रत्येक प्रतीपाशी तुम्ही विचारत होतात, "ही सोडणार कोण?" आता प्रत काढणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या वर मी त्याचं उत्तर लिहून ठेवते.

हे सगळं तुम्ही दोन ओळींत दुरुस्त करून देऊ शकला असता. तसं न करता पेन्सिल माझ्या हातात दिलीत, यासाठी हे आभार आहेत.

यंत्र बागेत लागलं आहे आणि चोवीस घरांत वेगवेगळे आकडे येतात. बाबा सकाळी चहाआधी ते बघतात. चौकोनांचे कागद शेजारच्या डिप्लोमावाल्या मुलांना द्यायचे आहेत, तुमची हरकत नसेल तर कळवा. काकींना नमस्कार.

तुमची,
वरच्या वाडीतली पुतणी