मामांना विचारणाऱ्या दादास

दादा, नमस्कार.

तुम्ही जुलैत आमच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वायूची गळती ओळखणारे सेन्सर कॅलिब्रेट करून, म्हणजे त्यांचे आकडे तपासून जुळवून, गेलात. पुढे १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, मिरकरवाड्याच्या बोटी बर्फासाठी खोळंबल्या आणि पत्र राहून गेलं. काल रात्री कंप्रेसर रूममध्ये बराच वेळ उभा होतो. डोळे जराही चुरचुरले नाहीत. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

तुमच्या आधी जे यायचे, त्यांचं काम वीस मिनिटांत उरकायचं. शिडीवर चढायचं, प्लांट चालू असतानाच झीरोचं बटण दाबायचं, तारखेचं स्टिकर चिकटवायचं, की बिल हातात. आमचे रात्रपाळीचे मामा सहा महिने सांगत होते, "मालक, आत शिरताना वास येतो." मी यायचो दिवसा, दारं उघडी असताना. पॅनेलकडे बोट दाखवायचो: बघा, शून्य. एकदा तर "मामा, वय झालं तुमचं" असंही बोलून गेलो.

तुम्ही सेन्सरला शुद्ध हवेचा सिलिंडर जोडलात आणि आकडा उणे १४ वर गेला. मला वाटलं, सेन्सरच गेला. तुम्ही म्हणालात, "खोलीत १४ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १४ भाग अमोनिया असताना कुणीतरी त्यालाच शून्य ठरवलंय." म्हणजे २५ ला वाजायचा भोंगा आमच्याकडे ३९ ला वाजला असता! तोवर मामा आतच असते.

झीरो, स्पॅन म्हणजे शून्य आणि वरचा आकडा जुळवणं, सगळं तुम्ही चोख केलंत, पण त्याचे पैसे मी दिलेत; हे पत्र त्यासाठी नाही. बॅग भरून झाल्यावर तुम्ही हात पुसत मामांकडे वळलात आणि विचारलंत, "मामा, वास नक्की कुठं येतो हो?" मामांनी आधी माझ्याकडे बघितलं, बोलू की नको म्हणून. मग तुम्हाला रिसीव्हरच्या, म्हणजे अमोनियाच्या टाकीच्या, मागे घेऊन गेले. तुम्ही गंधकाची कांडी पेटवलीत ती त्यांच्याच हातात दिलीत. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सीलपाशी, ग्लँडपाशी, नेल्याबरोबर पांढरा धूर दाटला, म्हणजे अमोनिया तिथूनच गळत होता. मामांनी कांडी लांब नेली, परत जवळ आणली. पुन्हा धूर. बोलले काहीच नाहीत. त्या दिवसापासून ताठ चालतात एवढं खरं.

तुमच्या कंपनीच्या फॉर्मवर "रात्रपाळीच्या माणसाला विचारले का?" असा रकाना नक्कीच नसणार. सर्टिफिकेटं हल्ली ढिगानं मिळतात हो. माणसाला माणूस म्हणून विचारणारा एखादाच येतो, आणि तोही चहा अर्धा टाकून पुढच्या साइटवर पळतो. आधीच्यांची स्टिकरं मी खरवडली नाहीत. माझ्या टेबलाच्या काचेखाली लावून ठेवलीत, माझ्याचसाठी.

पुढचं कॅलिब्रेशन जानेवारीत. सकाळी लवकर या. मामांनी सुरमई आत्ताच सांगून ठेवलीय, जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.

तुमचा,
बर्फवाला