कॅचरची कारकीर्द फलंदाजीच्या आकड्यांत मावत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत अमेरिकन बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’विषयी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनाविषयी, आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्रात या खेळाला अर्धे पान मिळाले, याचा आनंद आहेच. मात्र सेंट लुइस कार्डिनल्स या संघाचा कॅचर (फलंदाजामागे बसून पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) यादिएर मोलिना याच्याविषयी ‘फलंदाज म्हणून सामान्य, त्यामुळे दावा कमकुवत’ असे एका ओळीत जे उरकले आहे, ते मला मान्य नाही. मी स्वतः सॉफ्टबॉलमध्ये कॅचर म्हणून खेळलो आणि पुढे चोवीस वर्षे शाळेतल्या मुलामुलींना तोच खेळ शिकवला. त्यामुळे या जागेवर उकिडवे बसून तासन्‌तास काम करणाऱ्या माणसाचे मोजमाप कसे व्हावे, याबद्दल चार गोष्टी आपल्या वाचकांसमोर मांडाव्यात असे वाटले.

लेखात दिलेले आकडे बरोबर आहेत. मोलिना २००४ ते २०२२ अशी १९ वर्षे एकाच संघाकडून खेळला आणि त्या काळात त्याने २,१६८ हिट्स (बेस, म्हणजे धावपटूचा टप्पा, गाठून देणारे फटके) आणि १७६ होमरन (थेट धाव मिळवून देणारे फटके) काढले. त्याची सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या संधींत हिट्सचे प्रमाण, .२७७ राहिली. एवढेच पाहिले तर तो मधल्या फळीतला एक बरा फलंदाज ठरतो. परंतु याच माणसाने होम प्लेटमागे (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे) २,१८४ सामने काढले, हा आकडा लेखात कुठेच नव्हता. एकाच संघासाठी इतके सामने दुसऱ्या कोणत्याही कॅचरने केलेले नाहीत, आणि सर्व संघ मिळून मोजले तरी इव्हान रॉड्रिगेझ, बॉब बून आणि कार्लटन फिस्क हे तिघेच त्याच्या पुढे आहेत. एका सामन्यात एका संघाचे पिचर मिळून साधारण दीडशे चेंडू टाकतात, आणि त्यातल्या प्रत्येक चेंडूसाठी कॅचरला गुडघे मोडून बसावे लागते. गुणाकार वाचकांनीच करून पाहावा.

आपल्याकडे कॅचर म्हटले की यष्टिरक्षक डोळ्यांसमोर येतो. हे साम्य काही अंशी खरे आहे, पण त्यात एक मोठा फरक झाकला जातो. यष्टिरक्षक गोलंदाजाला सुचवू शकतो, तरी चेंडू कोणता टाकायचा हे अखेर गोलंदाज आणि कर्णधार ठरवतात. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूचा प्रस्ताव सहसा कॅचरकडून जातो. समोरचा फलंदाज मागच्या वेळी कशावर फसला, आज पिचरचा कोणता चेंडू नीट वळत नाही, पंच आज खालच्या उंचीचा चेंडू स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजला जाणारा चेंडू; असे तीन झाले की तो बाद) देतो आहे की नाही, हे सारे ध्यानात ठेवून कॅचर मांड्यांच्या आड बोटांनी खूण करतो. २०२२ पासून खुणेऐवजी मनगटावरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची बटणे दाबण्याची सोय झाली, तरी विचार त्यालाच करावा लागतो. पिचर नकारार्थी मान हलवू शकतो. मात्र मोलिनाच्या खुणेला मान हलवावीशी वाटत नसे, असे त्याच्याबरोबर खेळलेल्या अनेक पिचरनी सांगितले आहे.

त्याच्या हाताबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर १२७ फुटांहून थोडे अधिक आहे. धावपटू बेस चोरायला निघाला की चेंडू झेलून, उठून, तो दुसऱ्या बेसवर पोहोचवायला कॅचरला दोन सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. २००५ मध्ये मोलिनाविरुद्ध ३९ वेळा असा प्रयत्न झाला आणि त्यातले २५ धावपटू त्याने बाद केले. संपूर्ण कारकिर्दीत हे प्रमाण सुमारे ४० टक्के राहिले. यापेक्षाही मोठी गोष्ट अशी की पुढे पुढे प्रतिस्पर्धी धावतच नसत. पहिल्या बेसवर उभा असलेला धावपटू दोन पावले जास्त सरकला, तर मोलिना बसल्या बसल्या तिथे चेंडू फेकून त्याला टिपत असे, म्हणून लोक बेसला चिकटून राहत. जो धावलाच नाही त्याची नोंद धावफलकात होत नाही, आणि माझ्या मते या कारकिर्दीचा सर्वांत मौल्यवान भाग तिथेच आहे.

१९ ऑक्टोबर २००६ ची रात्र मी मुद्दाम आठवून देतो, कारण त्या एका रात्रीत माझा सारा मुद्दा सामावलेला आहे. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर मेट्सविरुद्ध नॅशनल लीगच्या विजेतेपदाच्या मालिकेतला निर्णायक सातवा सामना होता आणि नवव्या डावात १-१ अशी बरोबरी होती. त्या मोसमात अवघी .२१६ सरासरी असलेल्या चोवीस वर्षांच्या मोलिनाने दोन धावांचा होमरन मारला. त्या सामन्याची आठवण निघाली की सगळे याच फटक्याविषयी बोलतात. परंतु मेट्सच्या शेवटच्या पाळीत तीनही बेस भरलेले होते, दोन बाद होते, आणि त्या वर्षी ४१ होमरन ठोकलेला कार्लोस बेल्ट्रान समोर उभा होता. पिचर अ‍ॅडम वेनराइट नवखा होता. मोलिना त्याच्याशी बोलून परत आला आणि पहिला चेंडू मागितला तो संथ चेंज-अप. त्यानंतर दोन वळणारे कर्व्ह, आणि तिसऱ्या स्ट्राइकला बेल्ट्रानची बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. कार्डिनल्स पुढे डेट्रॉइटला हरवून विश्वविजेते झाले. होमरन मोलिनाच्या नावे लागला, ते तीन चेंडू वेनराइटच्या नावे लागले. यातल्या दुसऱ्या वाट्याचे काय करायचे, हा माझा प्रश्न आहे.

मोलिना आणि वेनराइट या जोडीने मिळून ३२८ सामन्यांची सुरुवात केली. पिचर-कॅचरच्या कोणत्याही जोडीसाठी हा विक्रम आहे. मोलिनाला बचावासाठीचे नऊ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले, त्यांतले आठ २००८ ते २०१५ असे सलग, आणि बचावातील सर्वोत्तम खेळाडूचा प्लॅटिनम ग्लव्ह त्याने चार वेळा पटकावला. पिचरला सांभाळून घेण्यामुळे किती धावा वाचल्या, याचे निर्विवाद गणित मात्र अजून कोणी मांडू शकलेले नाही, हेही मी प्रामाणिकपणे मान्य करतो. तरीही मोजता येत नाही म्हणून एखादी गोष्ट नव्हतीच, असे धरून चालणे मला अन्यायाचे वाटते. माइक पियाझा ४२७ होमरनच्या बळावर २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि ते योग्यच झाले. पण तो एका प्रकारचा कॅचर होता, मोलिना दुसऱ्या प्रकारचा. आपल्याकडेही नरेन ताम्हाणे यांच्यासारख्या निष्णात यष्टिरक्षकाने २१ कसोटींत ५१ बळी टिपले, आणि तरी त्यांच्या जागेची चर्चा दहाच्या घरातल्या फलंदाजीच्या सरासरीपाशी येऊन थांबत असे.

या कामाची शरीराला द्यावी लागणारी किंमतही लेखात यायला हवी होती. मोलिनाच्या आधी त्या जागेवर खेळलेला आणि पुढे त्याचा व्यवस्थापक झालेला माइक मॅथेनी, बॅटला निसटता लागून मुखवट्यावर आदळणाऱ्या चेंडूंनी डोक्याला वारंवार इजा झाल्यामुळे निवृत्त झाला. २०१५ च्या मोसमानंतर मोलिनाच्या डाव्या, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या हाताच्या अंगठ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या वर्षी तो १४७ सामने खेळला. मे २०१८ मध्ये ताशी १०० मैलांहून वेगाने आलेला चेंडू बॅटला घासून त्याच्या जांघेत लागला आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. महिनाभरात तो परत प्लेटमागे बसला आणि त्याच मोसमात त्याने नववा गोल्ड ग्लव्ह मिळवला. चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या आपल्या पोर्टो रिकोसाठी केलेल्या मदतकार्याबद्दल रॉबर्टो क्लेमेंटे पुरस्कारही त्याला त्याच वर्षी मिळाला. त्याचे दोन्ही मोठे भाऊ, बेंजी आणि होसे, हेही मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, कॅचरच होते, हे वाचकांना जाता जाता सांगावेसे वाटते.

आता या कामाचे स्वरूपच बदलते आहे. चेंडू हळुवार झेलून तो स्ट्राइक वाटावा अशा बेताने मिट (झेलण्याचा जाड हातमोजा) स्थिर ठेवणे ही कॅचरची जुनी कला आहे. मेजर लीगमध्ये २०२६ च्या मोसमापासून पंचाच्या स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राच्या साहाय्याने आव्हान देता येईल असा नियम करण्यात आला. ते आव्हान फलंदाज, पिचर आणि कॅचर यांनीच, इतर कोणाचीही मदत न घेता, लगेच द्यायचे असते. म्हणजे कॅचरच्या एका कौशल्याचे मोल उतरले तरी त्याच्या डोळ्यांची परीक्षा वाढलीच.

निवृत्तीनंतरची पाच वर्षांची मुदत संपल्यावर मोलिनाचे नाव २०२८ च्या मतदानात प्रथमच येईल, आणि निवडीसाठी क्रीडा पत्रकारांची ७५ टक्के मते लागतील. त्या वेळी आपण या विषयावर पुन्हा लेख छापाल, अशी आशा आहे. त्यात हिट्स आणि होमरनच्या तक्त्याशेजारी प्लेटमागचे सामने, बाद केलेले धावपटू आणि वेनराइटबरोबरचे ३२८ सामने एवढे तीन रकाने जोडावेत, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, अमरावती