ताई, तुमचे गमबूट परत पाठवते आहे

ताई, जय ख्रिस्त.

परवा माळा आवरताना तुमचे गमबूट सापडले. काळे, आठ नंबरचे, आतल्या बाजूला मार्करने 'त. सं.' लिहिलेलं. तुम्ही चालवता त्या आपल्या चर्चच्या तरुण संघाचे. तळव्याच्या खाचांमध्ये कृष्णेचा गाळ अजून तसाच आहे, वाळून पांढुरका झालेला. ऑगस्ट 2019 मध्ये माझा मुलगा ते घालून घरी आला आणि परत द्यायचे राहूनच गेले. आता पाठवते आहे. सोबत हे पत्र. तुम्हाला भेटून बोलले असते तर चाललं असतं, पण तुमचे आभार मी चारचौघांत कधी मानले नाहीत, ते राहिलेलं आहे. आणि आपल्या मुलांना तरुण संघात पाठवावं की नाही अशा विचारात असलेले आईबापही हे वाचतील, म्हणून उघडच लिहिते.

जून 2018 मध्ये आम्ही साताऱ्याहून मिरजेला आलो तेव्हा तो नववीत होता. त्याचे वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी परिचारिका, बदलत्या पाळ्या, नवं घर. तो लहानपणापासून बोलताना अडखळतो, हे तुम्हाला माहीत आहे. नव्या वर्गात पहिल्याच महिन्यात त्याला धडा वाचायला उभं केलं आणि तो एका शब्दावर अडकला, तेव्हा शिकवणाऱ्यांनीच त्याची नक्कल केली. वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याने घराबाहेर बोलणं जवळपास सोडलं. दुकानात पाठवला तर चिठ्ठी लिहून न्यायचा.

त्याला तरुण संघात मी ओढून आणलं. तो खूश नव्हता. माझीही अपेक्षा फार नव्हती. शनिवारी संध्याकाळी दोन तास गाणी होतील, खेळ होतील, वचन पाठांतर होईल, चार मुलं ओळखीची होतील, इतकंच. मी तुम्हाला बाजूला घेऊन त्याच्या बोलण्याचं सांगू लागले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "अक्षर कसं आहे त्याचं?"

अक्षर चांगलं होतं. पुढच्या शनिवारी तुम्ही त्याच्या हातात रोजमेळ दिलात. तरुण संघाचा जमाखर्च. दहा-दहा रुपयांची वर्गणी, चहाबिस्किटांचा खर्च, पेटीचा भाता दुरुस्त करून घेतला त्याची पावती. चौदा वर्षांच्या मुलाकडे पैशांचा हिशेब, आणि तो खरा हिशेब, महिन्याच्या शेवटी चर्चच्या पंचकमिटीपुढे जाणारा. पहिल्या महिन्यात चाळीस रुपयांचा मेळ लागेना. मी म्हटलं, ताई भरतील. तो रात्री अकरापर्यंत बसला आणि चूक शोधली. हातचे चार विसरला होता. त्या रात्री किती तरी महिन्यांनी तो माझ्याशी आपणहून बोलला, आणि बोलला तो त्या चाळीस रुपयांबद्दल.

हंगामाच्या सणाचा, म्हणजे पिकातला वाटा चर्चमध्ये देवाला वाहतात त्या दिवसाचा, लिलाव मला विसरता येत नाही. मंडळींनी आणलेल्या ज्वारीच्या पेंढ्या, हळकुंडं, तासगावचे बेदाणे, गुळाची ढेप, अंडी, एक कोंबडी आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची पाटी. बोली पुकारायला मोठी मुलं होती. हा खाली पायरीवर वही घेऊन बसलेला. एकवार, दोनवार, तीनवार झालं की वस्तू, नाव, रक्कम लिहायची. वांगी एकाने घेतली आणि पुन्हा लिलावाला दिली, दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत दिली. त्याच पाटीची तीन वेळा बोली झाली आणि नोंदी गोंधळल्या. पुकारणारा थांबला आणि सगळ्यांनी याच्याकडे पाहिलं. याला सांगावंच लागलं, कोणाची बोली कितीची. सांगितलं. वेळ लागला, पण ती रक्कम त्याच्याशिवाय कोणाकडे नव्हती, म्हणून सगळे थांबले. त्या पैशांतून वह्या आणि दप्तरं घेतली गेली, तेही त्यानेच लिहिलं.

मी रुग्णालयात आयुष्य काढलं आहे. माणसाला धीराचे शब्द देणं सोपं असतं, त्याच्यावर काम सोपवणं अवघड, कारण काम बिघडू शकतं. तुम्ही ती जोखीम प्रत्येक मुलाच्या बाबतीत घेता. मेच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत तुमच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली बालवर्ग सांभाळतात, तुम्ही मागे बसून नुसत्या पाहता.

आणि घरभेटी. मुलांना तुम्ही दोघं-दोघं पाठवता, येशूने शिष्यांना पाठवलं तसं. कोणत्या घरी, किती वाजता, कोण सोबत, हे आईबापांना आदल्या दिवशी कळवलेलं. जवळपास एक मोठं माणूस असणारच. दिवेलागणीच्या आत मुली घरी. फोटो काढायचा नाही, हा तुमचा सगळ्यात कडक नियम. "आपण गेलो होतो हे त्या घराला माहीत आहे, तेवढं पुरे," असं तुम्ही एका मुलाला सांगितलेलं मी ऐकलं. सेवेचे फोटो भिंतीवर लावणाऱ्या बऱ्याच संस्था मी पाहिल्या आहेत, म्हणून हा नियम मला इतका मोलाचा वाटतो.

माझ्या मुलाच्या वाट्याला त्या आजी आल्या. काचबिंदूने दृष्टी गेलेल्या, तरुणपणी मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेल्या त्या दवाखान्याने आपल्या किती घरांना पोटापाण्याला लावलं! आजींना दर रविवारी दुपारी एक स्तोत्र वाचून दाखवायचं, एवढंच काम. सोबतचा मुलगा त्यांचं पाणी भरायचा, औषधाच्या डब्या लावायचा, आणि वाचायचं काम याच्याकडे.

एकदा मी त्याला आणायला गेले आणि दारातच थांबले. आजी पलंगावर बसून बोटांनी चाचपत लसूण सोलत होत्या. हा वाचत होता आणि 'प'वर अडकला. सगळी स्तोत्रं आजींना तोंडपाठ. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर होता, मला दिसत होता. त्या बोलल्या नाहीत. एक पाकळी सोलली, दुसरी सोलली, टरफलं ताटलीच्या कडेला सारली. शब्द आला. त्या म्हणाल्या, "हं, पुढं." बस. अडखळणाऱ्याचं वाक्य पुरं करू नका, 'शांतपणे बोल' म्हणू नका, घाई करू नका, हे मला स्पीच थेरपिस्टने कागदावर लिहून दिलं होतं आणि तरी मला ते जमत नव्हतं. थेरपी चालूच होती, तिचा वाटा मोठा आहे. पण तिथे शिकलेलं वापरायला त्याला एक जागा हवी होती. ती त्या खोलीत मिळाली.

मग 2019 चा पूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मिरजेत आमच्याकडे कोरडं होतं, सांगलीत गावभाग, मारुती चौक, दत्तनगर पाण्यात. पाणी उतरल्यावर तुम्ही मुलांना गाळ काढायला नेणार असल्याचं कळलं आणि मी तुमच्याशी भांडायला आले. दहावीचं वर्ष, साथींची भीती. मी आवाज चढवला, तुम्ही नाही. म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. मग काय काय काळजी घ्यायची ते तुम्हीच सांगा, तुम्ही नर्स आहात." त्या वेळी बोलले त्याबद्दल मनापासून माफी मागते.

मी यादी केली आणि तुम्ही ती शब्दशः पाळलीत. प्रत्येकाला आधी धनुर्वाताचं इंजेक्शन. पायाला जखम असेल तो घरी. गमबूट आणि हातमोज्यांशिवाय गाळात पाऊल नाही. वायरमनने मेन स्विच बंद असल्याची खात्री केल्याशिवाय घरात शिरायचं नाही. प्यायचं पाणी घरून. लेप्टोच्या, म्हणजे गाळपाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या आरोग्य खात्याच्या माणसांना विचारूनच. सोळाच्या आतल्यांनी जड सामान उचलायचं नाही, घमेली पुढे सरकवायची.

एक दिवस सुट्टी काढून मीही आले. तो वास अजून नाकात आहे, भिजून आंबलेली ज्वारी, डिझेल आणि गाळ. एका घरात बाई कोपऱ्यात नुसत्या बसून होत्या. त्यांचं शिलाई मशीन गाळाने भरलेलं, त्यावरच घर चालायचं. दोन मुलींनी ते अंगणात आणलं, बॉबिनची पेटी सोडवली, दात घासायच्या ब्रशने एकेक भाग डिझेलमध्ये धुतला, पुसून तेल घातलं. दुपारी चाक फिरलं. बाई उठल्या आणि चहा करायला भांडं शोधू लागल्या. माझा मुलगा शेजारच्या घरात दोरीवर चिमट्यांनी मार्कलिस्टा आणि लग्नाचे फोटो वाळत घालत होता. त्या घरातल्या आजोबांना एकेक कागद कोणता ते मोठ्याने सांगत होता. दहा-बारा कागदांनंतर माझ्या लक्षात आलं, की हा परक्या माणसाशी बोलतो आहे.

त्या दिवशी गल्लीतली, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कधी न आलेली मुलंही फावडी घेऊन तुमच्यात मिसळली होती. कोणाला काही विचारलं नाहीत, हातमोजे दिलेत. माझं माहेर साताऱ्याचं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली तिथे देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही जागा होती. हे मी लहानपणी वडिलांकडून ऐकलेलं. गाळात उभी असताना ते आठवलं.

कोरोनाची वर्षं कशी गेली ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. आजीही त्यातच गेल्या. शेवटपर्यंत तो फोनवर त्यांना स्तोत्र वाचून दाखवायचा.

2022 च्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रुसावरचे सात उद्गार सात तरुणांनी घ्यायचे ठरलं. सगळ्यांना वाटलं, तो पाचवा घेईल, सगळ्यात छोटा, तहानेचा. तुम्ही वाटून दिले नाहीत, ज्याचं त्याला निवडू दिलंत. त्याने तिसरा मागितला, येशू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो तो. मला त्याने सांगितलंही नव्हतं. सात-आठ मिनिटं बोलला. तीन ठिकाणी अडकला. मंडळीत कोणी खाकरलं नाही, कोणी पुढचा शब्द पुरवला नाही. मी तिसऱ्या बाकावर होते. त्यावर जास्त लिहिता येणार नाही मला.

आता तो पुण्यात शिकतो. अजून अडखळतो. मुलाखतीला जाताना सुरुवातीलाच सांगतो, "मला बोलायला जरा वेळ लागतो," आणि मग बोलतो. वसतिगृहाच्या मेसचा हिशेब त्याच्याकडे आहे, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

ताई, तुम्ही स्वतः नोकरी करून, शनिवार-रविवार यात घालता. मानधन नाही. नाताळात रात्री दोन वाजता कॅरलहून परतताना शेवटचं मूल घरात जाईपर्यंत तुम्ही रस्त्यावर उभ्या असता, हे मी खिडकीतून पाहिलं आहे. तेव्हा खाली येऊन आभार मानायला हवे होते. आज मानते. मन भरून मानते.

गमबूट मी धुतले नाहीत, धुवायला हातच होईना. तुम्ही धुऊन घ्या. उजव्याच्या टाचेला बारीक चीर आहे, पंक्चरवाल्याकडून चिकटवून घेतली की कामाला येतील. यंदा नव्याने आलेल्यांपैकी आठ नंबरचा पाय ज्याचा असेल त्याला द्या. हंगामाच्या सणाला वांग्यांची पाटी माझ्याकडून. रोजमेळ सध्या कोणाकडे आहे? त्याला सांगा, माझी वर्गणी दोन महिन्यांची राहिली आहे, रविवारी देते.

तुमची,
एक आई, मिरज